द्राक्षाच्या मण्यात स्टेरॉईड आलं कुठून?

प्रश्न : शेजारच्या द्राक्षबागेत फवारणीच्या रिकाम्या बाटल्या पडल्या होत्या. त्यातल्या एकीवर 'होमोब्रासिनोलाईड' असं लिहिलं होतं. मुलाने मोबाईलवर शोधलं, तर ते स्टेरॉईड निघालं. तेव्हापासून घरात द्राक्षं आणायची की नाही यावर रोज वाद होतो. झाडाला स्टेरॉईड कशाला लागतं? आणि ते नातवंडांच्या पोटात गेलं तर?
— एक आजी, निफाड तालुका

उत्तर : आजी, आधी वादाचा निकाल लावून टाकू, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. द्राक्षं आणा, वाहत्या पाण्याखाली नीट धुवा आणि नातवंडांना द्या. त्यांत स्टेरॉईड असतंच. बागायतदाराने बाटली विकत घेतली नसती तरी असतं. द्राक्षाचा वेल ते स्वतः बनवतो. भातही बनवतो, गहूही, वाटाणा, घेवडा, टोमॅटोही. आजवर तपासलेल्या जवळपास प्रत्येक फुलझाडात या कुळातलं काही ना काही सापडलं आहे. अशी साठाहून अधिक रसायनं आता माहीत आहेत आणि त्यांना मिळून ब्रासिनोस्टेरॉईड म्हणतात.

स्टेरॉईड म्हटलं की आपल्याला दम्याच्या गोळ्या आठवतात, नाहीतर जिममधली इंजेक्शनं. रसायनशास्त्राच्या लेखी स्टेरॉईड म्हणजे एकमेकांना चिकटलेली कार्बनची चार कडी, तीन षटकोनी आणि एक पंचकोनी. या सांगाड्याच्या कोणत्या कोपऱ्यावर काय जोडलं आहे, त्यावर त्याचं काम ठरतं. आपलं शरीर कोलेस्टेरॉलपासून कॉर्टिसॉल, टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन बनवतं. रेशमाच्या अळीला कात टाकायला लावणारं एक्डायसोनही स्टेरॉईडच. वनस्पती मुख्यतः कॅम्पेस्टेरॉल नावाच्या आपल्या स्वतःच्या स्टेरॉलपासून ब्रासिनोलाईड बनवतात, आणि त्यातलं एक कडं रुंदावून सातकोनी झालेलं असतं, मधे ऑक्सिजनचा अणू बसवलेला. माणसाच्या कुठल्याच संप्रेरकात असा सातकोन नाही.

हे सापडलं कसं, त्याची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेच्या कृषी खात्याचं मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल इथे मोठं संशोधन केंद्र आहे. तिथे जे. डब्ल्यू. मिचेल परागकणांच्या मागे लागले होते. मक्याच्या परागांचा अर्क घेवड्याच्या रोपाला लावला की रोप वेगळंच वाढतं, हे त्यांनी १९४१ मध्येच छापलं होतं. पुढे त्यांच्या गटाने जवळपास ६० वनस्पतींचे पराग तपासले. पद्धत साधी : घेवड्याचं कोवळं रोप घ्यायचं, खोडाच्या दुसऱ्या पेराला अर्काचा ठिपका लावायचा आणि वाट बघायची. मोहरीच्या कुळातल्या रेपसीडच्या परागांचा अर्क लावला तेव्हा ते पेर नुसतं लांबलं नाही. ते फुगलं, वाकलं आणि काही रोपांत चक्क उकललं. माहीत असलेल्या कोणत्याही संप्रेरकाने असं होत नव्हतं. १९७० मध्ये मिचेल, मांडवा आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं, की हे नव्या कुळातलं संप्रेरक असावं. मोहरीच्या ब्रासिका या वंशनामावरून त्यांनी त्याला ब्रासिन्स म्हटलं. बऱ्याच जणांनी तेव्हा नाक मुरडलं. अर्क म्हणजे खिचडी, त्यात नेमकं काय आहे ते दाखवा, असं म्हणणं पडलं. ते चूक नव्हतं.

मग दाखवायचं ठरलं, आणि पराग गोळा करायला मधमाश्या कामाला लावल्या गेल्या. पोळ्याच्या दाराशी जाळी बसवली, की आत शिरणाऱ्या माशीच्या मागच्या पायांवरच्या परागांच्या गोळ्या खाली गळून पडतात. अशा रेपसीडच्या २२७ किलो परागांवर प्रक्रिया करत करत अखेर स्फटिक हाती आले ४ मिलिग्रॅम. साखरेचे काही दाणे जेमतेम भरतील इतके. पण क्ष-किरणांनी रचना उलगडायला तेवढे पुरले. १९७९ मध्ये मायकेल ग्रोव्ह आणि सहकाऱ्यांनी ब्रासिनोलाईडची रचना जाहीर केली आणि ते स्टेरॉईड आहे हे तेव्हा कळलं. वनस्पतींत प्राण्यांसारखं स्टेरॉईड संप्रेरक असेल, असं तोवर कुणी छातीठोकपणे म्हणत नव्हतं.

जपानी मंडळी याच्या अगदी जवळ आधीच पोचली होती, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. नागोया विद्यापीठात मारुमो आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्येच इसुनोकी नावाच्या झाडाच्या ४३० किलो पानांतून असेच वाढ घडवणारे पदार्थ वेगळे केले होते. सगळं मिळून ते एक-दीड मिलिग्रॅमच्या आतच राहिले आणि रचना काही कळली नाही. पाच-सात मिलिग्रॅम जास्त मिळाले असते, तर या कुळाला कदाचित मोहरीचं नाव पडलंच नसतं.

आता मूळ प्रश्न : झाडाला हे लागतं कशाला? त्याचं काम डोळ्यांनी बघता येतं. नवरात्रात घट बसवता तेव्हा परडीतलं धान्य देवघराच्या अंधारात उगवतं. कोंब पिवळट, बारीक, सरळसोट उंच. तेच धान्य अंगणात पेरलं तर हिरवं आणि ठेंगणं येतं. किंवा मूठभर मूग दोन वाट्यांत पेरून एक वाटी खिडकीत ठेवा, दुसरी पातेल्याखाली झाका. चार-पाच दिवसांनी झाकलेले मूग दुप्पट उंच दिसतील, शेंड्याशी आकड्यासारखे वाकलेले, पानं मिटलेली. अंधार म्हणजे आपण अजून मातीखाली आहोत असं रोप धरून चालतं. हाताशी असलेलं सगळं अन्न ते उंची गाठण्यात घालतं आणि पानांचा संसार नंतरसाठी ठेवतं. हे लांबणं घडवून आणणाऱ्यांत ब्रासिनोस्टेरॉईड मोठी भूमिका बजावतं. रोपाला ते मिळालं नाही तर काय होतं, ते पुढे तिसऱ्या प्रश्नात आलं आहे. शिवाय पेशींचं विभाजन, पाणी वाहून नेणाऱ्या नलिका तयार होणं, परागांची फलनक्षमता, पान खोडापासून किती अंशांत झुकणार, अशा बऱ्याच ठिकाणी याचा हात असतो.

त्याची काम करण्याची तऱ्हा आपल्याहून वेगळी आहे. आपलं टेस्टोस्टेरॉन किंवा कॉर्टिसॉल हे घरच्या माणसासारखं सरळ पेशीच्या आत शिरतं, तिथल्या ग्राहक प्रथिनाला गाठतं आणि थेट जनुकांपाशी जाऊन उभं राहतं. वनस्पतीचं स्टेरॉईड उंबऱ्याबाहेरूनच निरोप देऊन मोकळं होतं. पेशीच्या पडद्यात बीआरआय-१ नावाचं ग्राहक प्रथिन रोवलेलं असतं. त्याचं बाहेर डोकावणारं टोक वेटोळ्यासारखं आहे आणि वेटोळ्याच्या आतल्या अंगाला ब्रासिनोलाईड चपखल बसतं. ही रचना २०११ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे उलगडली. ब्रासिनोलाईड बसलं की शेजारचं बीएके-१ हे प्रथिन येऊन जोडी जमते आणि आतल्या बाजूला एकामागून एक प्रथिनांना खबर पोचते. एरवी बीन-२ नावाचं विकर बीझेडआर-१ या प्रथिनाला फॉस्फेटची मोहोर मारून केंद्रकाबाहेर अडवून ठेवतं. खबर पोचली की बीन-२ गप्प बसतं, मोहोर पुसली जाते, बीझेडआर-१ केंद्रकात शिरतं आणि वाढीची जनुकं कामाला लागतात.

तुमच्या नातवंडांच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट एकच. आपल्या पेशींवर बीआरआय-१ नाही.

आणि द्राक्षाचं म्हणाल, तर ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००६ मध्ये कॅबर्ने सॉव्हिन्यों या वाणाच्या मण्यांतली ब्रासिनोस्टेरॉईड मोजली. मण्यांत पाणी उतरू लागतं, रंग भरायला लागतो, त्याच सुमारास त्यांचं प्रमाण चढतं. बाहेरून ब्रासिनोस्टेरॉईड दिलं तर मणी लवकर पिकतात आणि ते तयार होण्यात अडथळा आणणारं रसायन दिलं तर उशिरा. म्हणजे फवारणी करणारा बागायतदार वेलाला परकी वस्तू पाजत नाही. वेलाचंच संप्रेरक, नाहीतर त्याचा सख्खा भाऊ, वरून थोडं जास्त देतो. बाटलीतलं होमोब्रासिनोलाईड कारखान्यात बहुतेक वेळा स्टिग्मास्टेरॉलपासून बनवतात, आणि हा स्टेरॉल सोयाबीनच्या तेलात असतो.

मात्रेचाही हिशेब करू. हिरव्या पानांत आणि खोडात ही द्रव्यं दर ग्रॅमला साधारण ०.०१ ते ०.१ नॅनोग्रॅम भरतात. परागांत आणि कच्च्या बियांत १ ते १०० नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. बाटलीतल्या औषधाचं प्रमाण ०.०४ टक्के असतं. समजा ते लिटरला १ मिली टाकलं, तर लिटरभर पाण्यात ०.४ मिलिग्रॅम स्टेरॉईड झालं. किलोभर घडांवर यातलं १०० मिली पाणी चिकटलं आणि तसंच वाळलं असं अतीच धरून चाललो, तरी ०.०४ मिलिग्रॅम. शिवाय फवारणी ते काढणी यात दिवस जातात, ऊन-वारा लागतो. नातवंडांना द्राक्षं न देण्याचं कारण मला यात दिसत नाही.

जाता जाता दोन गोष्टी. दुधी भोपळ्याला रात्री इंजेक्शन देऊन सकाळी हातभर करतात, ही कहाणी तुम्हीही ऐकली असेल. त्यात ज्याचं नाव घेतात ते ऑक्सिटोसिन स्टेरॉईड नव्हे. ते नऊ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन आहे आणि ते जनावराच्या पान्ह्याशी आणि बाळंतपणाशी निगडित आहे. दुधीला त्याचं काही देणंघेणं नाही. आणि द्राक्षांवरच्या वाढ-नियंत्रकांनी आपल्या बागायतदारांना एकदा खरोखर रडवलं ते २०१० मध्ये. तेव्हा युरोपने आपला माल अडवला होता क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे. बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात. वेलीचा फुटवा आवरायला ते वापरत. तेही स्टेरॉईड नव्हतं. काळजी करायचीच असेल तर नावाची करू नका. कोणतं रसायन, काढणीच्या किती दिवस आधी मारलं, हे विचारा.

प्रश्न : मी तासगावकडचा बागायतदार. आम्ही घड पोपटी रंगाचा असताना जीए देतो, पुढे डिपिंगला, म्हणजे घड द्रावणात बुडवतानाही, जीए. दुकानदार म्हणतो होमोब्रासिनोलाईड त्यात मिसळा. ही दोन्ही एकच का? एक दिलं तर दुसरं कशाला?

उत्तर : एकच नव्हेत. जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल. त्याला चार कडी असली तरी सांगाडा स्टेरॉईडचा नाही. त्याचा शोध भाताच्या एका रोगातून लागला. बुरशी लागलेली रोपं अचाट उंच वाढून कोलमडत. बुरशीच्या अर्कानेही तसंच होतं, हे कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवलं. आजही जीए मोठ्या टाक्यांत बुरशी वाढवूनच काढतात. थॉमसनसारख्या बिनबियांच्या द्राक्षाला ते बाहेरून द्यावं लागतं, कारण एरवी मण्याला जिबरेलिन पुरवणारी बीच तिथे नसते. घडाचा देठ लांबवायला, विरळणीला आणि मण्याच्या फुगवणीला जीएला तोड नाही.

दुकानदाराच्या सांगण्यात तथ्य मात्र आहे. पेशीत या दोघांची गाठ पडते. वर ज्या बीझेडआर-१चा उल्लेख आला, त्याला डेला नावाची प्रथिनं धरून ठेवतात आणि जिबरेलिन आलं की डेला मोडीत निघतात. हे २०१२ मध्ये उघड झालं. म्हणजे एकाचं काम काही अंशी दुसऱ्यावाचून अडतं. भारतात होमोब्रासिनोलाईडचे प्रयोग जुने आहेत. १९९७ मध्ये रामराज, व्यास आणि सहकाऱ्यांनी गहू, भात, भुईमूग, मोहरी, बटाटा आणि कापूस या पिकांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हाजरा आणि सहकारी त्याच दशकात ब्रासिनोलाईड घडवण्याच्या वाटेवरची संयुगं बनवत होते.

पण 'थोडं दिल्याने गुण आला, तर दुप्पट देऊ' हा हिशेब इथे लावू नका. ब्रासिनोलाईडची मात्रा जास्त झाली की मुळांची वाढ खुंटते, हे प्रयोगशाळेत रोज दिसतं. वाण, अवस्था आणि प्रमाण मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशीत बघा आणि माल निर्यातीचा असेल तर लेबलवर नसलेलं काहीही टाकीत ओतू नका. दुकानदार बिल देतो, अहवाल देत नाही.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. झाडाला हे संप्रेरक बनवताच आलं नाही तर ते मरतं का? मरत नसेल तर त्याची गरजच काय?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : मरत नाही. मरत असतं तर आपल्याला एवढं कळलंच नसतं. ते खुजं राहतं, आणि ब्रासिनोस्टेरॉईडला संप्रेरकांच्या पंगतीत मानाचं पान मिळवून दिलं ते अशा खुज्या रोपांनीच.

रचना कळून सतरा वर्षं झाली तरी पाठ्यपुस्तकांत ऑक्झिन, जिबरेलिन, सायटोकायनिन, इथिलीन आणि ॲब्सिसिक आम्ल अशी पाचांचीच यादी होती. शंका अशी, की बाहेरून लावल्यावर परिणाम होतो हे ठीक, पण रोप स्वतः ते वापरतं याचा पुरावा काय? हा पुरावा १९९६ मध्ये एकदम दोन-तीन दारांतून आला.

मोहरीच्या कुळातलं अरॅबिडॉप्सिस नावाचं वीतभर तण वनस्पतिशास्त्रज्ञांचं लाडकं आहे. त्याच्या डेट-२ या उत्परिवर्तित रोपाला अंधारात वाढवलं, तरी ते उजेडात असल्यासारखं वागतं. खोड आखूड, आकडा नाही, पानं उघडलेली. उजेडात वाढवलं तर गडद हिरवं, कोबीच्या गड्ड्यासारखं दाटलेलं, पानं गोलसर आणि आत वळलेली, परागकण जवळपास निकामी, आणि म्हातारपणही उशिरा येतं. कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये जोआन कोरी यांच्या गटाने या रोपातलं बिघडलेलं जनुक शोधलं. ते निघालं सस्तन प्राण्यांच्या पाच-अल्फा-रिडक्टेज या विकराच्या नात्यातलं. हे विकर आपल्या शरीरात टेस्टोस्टेरॉनला अधिक प्रभावी रूप देतं. टक्कल पडू नये म्हणून पुरुष फिनॅस्टेराईडची गोळी घेतात, ती याच विकराला अडवते. मग खुज्या रोपावर ब्रासिनोलाईड दिलं आणि रोप चारचौघांसारखं वाढलं. पुढच्या वर्षी याच गटाने माणसाचं हे जनुक त्या रोपात घालून पाहिलं, तरी रोप सुधारलं. वनस्पती आणि माणूस यांची वाट अब्जाहून जास्त वर्षांपूर्वी फुटली. तरी हे एक हत्यार अजून दोघांच्या हातात बसतं. मला यापुढे ब्रासिनोलाईडच्या रचनेचं कौतुकही फिकं वाटतं. त्याच वर्षी हंगेरियन संशोधक सेकेरेश यांच्या चमूनेही असंच दुसरं खुजं रोप मांडलं. त्यातही संप्रेरक बनवण्याच्या साखळीतलाच एक दुवा तुटलेला होता.

पण काही खुजी रोपं ब्रासिनोलाईड देऊनही हलेनात. अशी रोपं संप्रेरक बनवतात, त्यांना ते ऐकूच येत नाही! असं पहिलं रोप स्टीव्हन क्लाउस यांनी १९९६ मध्येच मोठ्या हुशारीने शोधलं. तासगावच्या शेतकऱ्यांना सांगितलं तेच त्यांनी वापरलं : जास्त ब्रासिनोलाईडने मुळं खुंटतात. हजारो बिया ब्रासिनोलाईड घातलेल्या माध्यमात पेरल्या. सगळ्यांची मुळं आखूड राहिली आणि एखाद्याचंच मूळ मजेत लांब वाढलं. तेच बहिरं रोप. १९९७ मध्ये जियानमिंग ली आणि कोरी यांनी त्याचं जनुक ओळखलं. तेच बीआरआय-१. तुमच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत हा प्रयोग एकदा लिहून काढा. फक्त मुळाची लांबी मोजून ग्राहकाचा माग कसा लावता येतो, ते त्यातून कळेल.

खुजी रोपं नुसती प्रयोगशाळेत राहिली नाहीत. जपान, कोरिया, चीन इथे पूर्वापार पेरलं जाणारं 'उझू' हे बुटकं बार्ली. त्याच्या बीआरआय-१च्या जनुकात एकच अक्षर बदललेलं आहे. शेतकऱ्यांनी ते फक्त आडवं पडत नाही म्हणून राखलं होतं. बाल्कनीत लावायचा 'मायक्रो-टॉम' टोमॅटो तुम्ही पाहिला असेल. रोप वीतभर, फळं बोराएवढी. फ्लोरिडा विद्यापीठाने १९८९ मध्ये आणलेल्या या वाणाचा खुजेपणा बराचसा ब्रासिनोस्टेरॉईड नीट न बनण्यामुळेच आहे. आपल्या हरित क्रांतीच्या बुटक्या गव्हाची गोष्ट मात्र वेगळी. तिथे गडबड जिबरेलिनच्या बाजूची आहे. तरी २०२३ मध्ये चिनी संशोधकांनी गव्हातच ब्रासिनोस्टेरॉईडचा संदेश मंद करून बुटकेपणा आणि चांगलं उत्पादन एकत्र मिळवल्याचं दाखवलं. त्यामुळे आणखी काही वर्षांनी ही ओळ बदलावी लागेल.

तुम्ही रत्नागिरीच्या, म्हणून भाताचं सांगतो. भाताचं पान खोडाला जिथे मिळतं, तो सांधा ब्रासिनोस्टेरॉईडला इतका हळवा असतो, की त्याची तपासणी करायला जपानमध्ये तोच वापरतात : पान किती वाकलं ते कोनमापकाने मोजायचं. संप्रेरक कमी असेल तर पान ताठ उभं राहतं. ताठ पानांच्या भातात ऊन खालच्या पानांपर्यंत पोचतं आणि रोपं जवळजवळ लावता येतात. जपानमध्ये साकामोतो आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशा एका वाणाने, दाट लावणीत आणि जादा खत न घालता, जास्त दाणा दिल्याचं दाखवलं. पण हा जुगार आहे. संप्रेरक फार कमी झालं की दाणाच बारीक होतो, आणि बहुतेक खुज्या भातांची गत तीच. त्या वाणात नेमका पानांपुरता फरक पडला आणि दाण्याला धक्का लागला नाही, म्हणून जमलं.

गरजच काय, या तुमच्या प्रश्नाला एक पुरवणी. हे संप्रेरक मुळाकडून शेंड्याकडे प्रवास करत नाही. वाटाण्यात खुज्या मुळांवर धड शेंडा आणि धड मुळांवर खुजा शेंडा अशी कलमं बांधून बघितलं, तर कुणीच कुणाला पोसलं नाही. ज्या उतींना हवं, त्या जवळपासच ते बनवतात. म्हणून झाडाच्या एका भागात कमी आणि दुसऱ्यात जास्त, असा खेळ खेळता येतो. भाताचा पैदासकार आज त्याच जागी कसून बसला आहे.

प्रश्न : कोल्हापुरात आमच्या तालमीत एकाने सांगितलं, की झाडाचं स्टेरॉईड घेतलं तर दंड फुगतात आणि डोपिंगमध्येही सापडत नाही. खरं का?

उत्तर : या बोलण्याला थोडा आधार आहे. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात एस्पोझितो आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये उंदरांना २४ दिवस रोज तोंडाने होमोब्रासिनोलाईड दिलं. उंदीर जास्त खाऊ लागले, त्यांचं वजन आणि पोटरीचा स्नायू वाढला आणि पुरुषी संप्रेरकासारखा परिणाम अगदी कमी दिसला. पण मात्रा बघा : वजनाच्या किलोमागे २० ते ६० मिलिग्रॅम. ६० किलोच्या पैलवानाने यातलं कमीत कमी प्रमाण धरलं, तरी रोज १.२ ग्रॅम. पालेभाजीतून तेवढं हवं तर दिवसाला १२ हजार टन भाजी लागेल. भरपूर संप्रेरक असलेले पराग खाल्ले तरी १२ टन. आणि उंदराच्या पोटरीवरून माणसाच्या दंडाचा अंदाज बांधणं हे तसंही फार मोठं धाडस आहे.

डोपिंगचं म्हणाल, तर पालकात सापडणारं एक्डिस्टेरॉन हे दुसरं वनस्पती-स्टेरॉईड आहे आणि दंड फुगवायला म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींच्या डब्यांत तेही असतं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था 'वाडा' हिने ते २०२० पासून निरीक्षण यादीत घेतलं आहे. म्हणजे ते तपासणीत सापडतं. बंदी घालायची की नाही एवढंच बघितलं जातंय. तालमीतल्या डब्यावर काय छापलंय याच्याशी आत काय आहे याचा संबंध असेलच असं नाही. स्पर्धेत उतरणार असाल तर लघवीच्या नमुन्याची जबाबदारी तुमची असते, डबा देणाऱ्याची नाही.